वेठबिगारीतून सुटलेलं मूल घरी आणायचंय? मुक्तीच्या दाखल्यापासून दत्तकापर्यंतची प्रोसेस

2022 मध्ये इगतपुरीजवळच्या उभाडे गावची कातकरी पोरं नगरकडच्या मेंढपाळांकडे राबायला ठेवलीयेत हे बाहेर आलं, आईबापाला थोडे पैसे नाहीतर एखादी मेंढी दिलेली, आणि हे जगाला कळलं कधी तर दहा वर्षांची एक पोरगी दगावल्यावर. अशा बातम्या आल्या की लोक मनापासून विचारतात, असं मूल आम्ही घरी आणू शकतो का? थेट नाही. पण रस्ता आहे, तो नीट समजून घ्या.

मूल राबताना दिसलं की आधी 1098 ला फोन करा किंवा पोलीस, तहसीलदार यांना कळवा. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे. सुटका झाल्यावर 24 तासांच्या आत मुलाला बालकल्याण समितीसमोर आणावंच लागतं, ते कुठे राहणार हे समिती ठरवते.

याच काळात सगळ्यात महत्त्वाचा कागद मागून घ्यायचा, तो म्हणजे मुक्तीचा दाखला. 1976 च्या वेठबिगार कायद्याखाली जिल्हाधिकारी किंवा प्रांत तो देतात. इथेच बहुतेक प्रकरणं अडकतात कारण "पुरावा काय" असं विचारलं जातं. पण कायद्याचं कलम 15 सांगतं की घेतलेली उचल वेठबिगारीची नव्हती हे मालकाने सिद्ध करायचं, पोराने नाही. कातकरी कुटुंबाकडे आधार, जातीचा दाखला, बँक खातं यातलं काहीच नसतं बऱ्याचदा, तरी त्यासाठी दाखला थांबवू देऊ नका, ते कागद मागाहून काढता येतात. दाखल्यावर पुनर्वसनाचे पैसे अवलंबून आहेत, केंद्राच्या योजनेत तातडीची मदत 30,000 रुपयांपर्यंत मिळते आणि त्यासाठी मालकाला शिक्षा होईपर्यंत थांबावं लागत नाही. मुलांसाठी पूर्ण रक्कम 2 लाख, लैंगिक शोषण किंवा तस्करीतून सुटलेल्यांसाठी 3 लाख.

आता घराचं. पहिला हक्क मुलाच्या स्वतःच्या आईबापाचा, आणि तो असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे, कारण गरिबीपायी पोर ठेवलं म्हणून ते घर वाईटच असं होत नाही, त्या घराला रेशन, शाळा आणि बालसंगोपन योजनेचे पैसे मिळाले तर बरीच मुलं तिथेच नीट वाढतात. समिती घराची चौकशी करून अहवाल मागवते. घर सुरक्षित नसेल किंवा पालकच नसतील तरच पुढचा विचार.

तो दोन प्रकारे होतो. एक फॉस्टर केअर, म्हणजे ठराविक काळासाठी सांभाळ, यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करा. 2024 च्या नियमांनुसार एकटी व्यक्तीसुद्धा अर्ज करू शकते, आणि मूल दत्तकासाठी मोकळं असेल तर दोन वर्षं सांभाळल्यावर दत्तक घेता येतं. दुसरं, सरळ दत्तक. मूल अनाथ किंवा सोडलेलं असेल तर पालकांचा शोध घेऊन समिती त्याला कायदेशीरदृष्ट्या मोकळं जाहीर करते, दोन वर्षांवरच्या मुलासाठी यात चार महिन्यांपर्यंत जातात.

तुम्ही काराच्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या (CARA), पोर्टलवर नोंदणी करायची. फॅमिली फोटो, पॅन, वयाचा नि पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, मेडिकल सर्टिफिकेट, लग्नाचं सर्टिफिकेट (घटस्फोट किंवा जोडीदाराचा मृत्यू झाला असेल तर ते कागद) एवढं हाताशी ठेवा. जोडप्याचं लग्न किमान दोन वर्षांचं हवं, मूल आणि तुमच्यात किमान 25 वर्षांचं अंतर, एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. मूल 4 ते 8 वर्षांचं असेल तर दोघांचं वय मिळून 100 पर्यंत चालतं, एकट्याचं 50. 8 च्या वरच्या मुलासाठी 110 आणि 55. मग सोशल वर्कर घरी येऊन अहवाल बनवतात, तो तीन वर्षं चालतो. मुलाची माहिती आली की 48 तासांत हो-नाही कळवायचं. पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती लागते, ती खरोखर विचारली जातेय ना हे बघा, ज्याला आजवर कुणी काही विचारलंच नाही त्याच्यासाठी हे फार मोठं असतं.

दत्तकाचा आदेश आता कोर्ट नाही, जिल्हाधिकारी देतात. नंतर मूल कसं आहे हे बघायला दोन वर्षं दर सहा महिन्यांनी भेट होते. आणि मालकावरची केस चालू असेल तर मुलाला साक्षीला बोलावणं येऊ शकतं, तेव्हा त्या केसचा नंबर आणि मुक्तीच्या दाखल्याची कॉपी दत्तक देणाऱ्या संस्थेकडून आधीच मागून घ्या.