झाग्रोस पर्वतपट्ट्यातील खनिज तेल व नैसर्गिक वायू

झाग्रोस पर्वतरांग नैर्ऋत्य इराण व ईशान्य इराकमध्ये सुमारे 1,500 किमी. लांब पसरलेली असून तिच्या पायथ्याच्या घड्यांच्या (दाबाने वाकलेल्या खडकथरांच्या) पट्ट्यात जगातील काही अतिशय मोठी तेलक्षेत्रे आहेत. अरबी भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा तुकडा) इराणच्या भूखंडावर आदळल्याने ही रांग उंचावली आणि ती प्रक्रिया अद्याप चालू आहे. पर्वत उभा राहताना खडक मोडतात व झिजतात, त्यामुळे तेल निसटून जाईल असे वाटणे साहजिक आहे. येथे मात्र तेल तयार झाले, सरकले आणि अडून राहिले ते पर्वतनिर्मितीमुळेच.

नैर्ऋत्य इराणमधील दिझफूलच्या खोलगट भागातील बहुतेक तेलाचा उगम काझदुमी या शैलसमूहात (एकाच काळात साचलेल्या खडकथरांच्या गटात) आहे. सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू कमी असलेल्या समुद्रतळावर सूक्ष्म जीवांचे अवशेष न कुजता गाळात गाडले गेले व त्यांचे केरोजेन, म्हणजे तापल्यावर तेल व वायू देणारे घन सेंद्रिय द्रव्य, बनले. केरोजेनपासून तेल सुटण्यासाठी साधारण 60° ते 120° से. तापमान लागते, आणि तेवढी उष्णता मिळेल इतकी खोली या थराला दीर्घकाळ लाभली नव्हती. उंचावणाऱ्या पर्वतांची झीज होऊन आलेला हजारो मीटर जाडीचा गाळ वर साचला, तेव्हाच, म्हणजे भूवैज्ञानिक दृष्ट्या अगदी अलीकडे, तो पुरेसा तापला.

शांत खोऱ्यांत तेल सच्छिद्र थरांतून आडवे सरकत कित्येक किलोमीटर दूर जाऊ शकते. येथे तेल सुटू लागले तेव्हा घड्या आकार घेत होत्या, म्हणून ते बहुतांशी उभेच चढले: आधी सारवाक चुनखडकात आणि तेथून भेगांवाटे, मधले मृण्मय (चिकणमातीचे) थर ओलांडून, त्याहून वरच्या असमारी चुनखडकात. असमारीची मूळ सच्छिद्रता बेताचीच आहे. वाकताना पडलेल्या भेगांमुळेच त्यातील विहिरी भरघोस वाहतात. त्यावरील गचसारान समूहाचे मीठ व ॲनहायड्राइट (जिप्समसारखे, पण पाणी नसलेले खनिज) दाबाखाली तुटण्याऐवजी वाहतात, त्यामुळे तेल अडवणारे हे झाकण अभंग राहते. मात्र याच मिठामुळे पृष्ठभागावरील घडीचा माथा खालच्या घडीच्या माथ्याशी जुळत नाही आणि विहिरीची जागा ठरवणे अवघड होते.

झाकण जेथे पातळ किंवा फाटलेले आहे तेथे तेल व वायू झिरपतात. अशाच झिरप्यांच्या आधारे मस्जिद-ए-सुलेमान येथे खणलेल्या विहिरीला 26 मे 1908 रोजी सुमारे 360 मी. खोलीवर तेल लागले. मध्यपूर्वेतील व्यापारी तेल-उत्पादनाची ती सुरुवात होय. आग्नेयेकडील फार्स प्रांतात चित्र वेगळे आहे. तेथे उगम सिल्युरियन काळातील (सुमारे 44 ते 42 कोटी वर्षांपूर्वीच्या) शेलमध्ये, म्हणजे चिकणमातीपासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकात, असून अतिखोल तापल्याने मुख्यतः वायू मिळतो. तो पर्मियन-ट्रायासिक (सुमारे 30 ते 20 कोटी वर्षांपूर्वीच्या) काळातील कार्बोनेट, म्हणजे चुनखडक व तत्सम, खडकांत साठलेला आहे.

भारतात नागा टेकड्यांच्या पायथ्याचे आसाममधील दिग्बोई हे घडीपट्ट्यातील तेलक्षेत्राचे जुने उदाहरण आहे, परंतु तेथील तेल तिपाम वालुकाश्मात असून त्याचा उगम सागरी जीवांपेक्षा बराइल समूहातील कोळसा व शेल यांत, म्हणजे मुख्यतः जमिनीवरील वनस्पतींत आहे.