मार्चमधले चार दिवस आणि जम्प तबेल्याचे वर्ष

मे महिन्यात जम्प रेसिंगच्या तबेल्यातले बरेचसे घोडे नाल काढून कुरणात सोडलेले असतात. पोट सुटते, आयाळीत काटेकुटे अडकतात, आणि ट्रेनर त्याकडे खुशाल काणाडोळा करतो. पण कुरणातली ही सुट्टी किती आठवड्यांची असावी, हे पुढच्या मार्चवरून उलटे मोजून ठरलेले असते. मार्चमध्ये इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमला चार दिवस शर्यती होतात, एकूण 28. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या अडथळ्यांच्या शर्यतींचे सारे वर्ष आज या चार दिवसांना बांधलेले आहे. पूर्वी ते तसे नव्हते.

महालक्ष्मीवर किंवा पुण्याच्या मोसमात रेस पाहणाऱ्यांसाठी एक फरक आधी सांगायला हवा. आपल्याकडे शर्यती सपाट मैदानावरच्या. इंडियन डर्बी 2400 मीटरची आणि फक्त चार वर्षांच्या घोड्यांची. चेल्टनहॅमची गोल्ड कप सुमारे 5.3 किलोमीटरची असते. तिच्यात 22 फेन्स ओलांडायचे, पाठीवर साधारण 74 किलो, आणि शेवटचा टप्पा चढणीचा. फेन्स म्हणजे बर्चच्या काटक्यांची घट्ट बांधलेली, किमान साडेचार फूट उंचीची भिंत. हर्डल किमान साडेतीन फुटांचे असते आणि घोड्याचा पाय लागला की वाकते. फेन्स तशी सूट देत नाही. त्यामुळे इथला कसलेला घोडा सात ते नऊ वर्षांचा, बहुधा खच्ची केलेला असतो आणि मोठ्या मोसमात जेमतेम तीन-चारदाच धावतो. त्यातली एक शर्यत चुकली की वर्षाचा मोठा तुकडाच वाया जातो.

या खेळाची सुरुवात 1752 साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात झाली असे मानतात. एडमंड ब्लेक आणि कॉर्नेलियस ओ'कॅलहन यांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, सुमारे साडेचार मैल, वाटेतले बांध, ओढे, कुंपणे ओलांडत पैज लावली. लांबून दिसणारी खूण म्हणजे चर्चचा मनोरा, म्हणजे स्टीपल. स्टीपलचेस हे नाव त्यावरून आले. मोसम हिवाळ्याचा का, याचे उत्तर शिकारीत आहे. पिके निघाल्यावर, नोव्हेंबर ते मार्च, कोल्ह्यांच्या शिकारीसाठी घोडे शेतांतून दौडत, आणि शर्यतीत उतरत तेही हेच शिकारी घोडे. शिवाय पावसाने मऊ झालेली जमीन उडीनंतरचा धक्का शोषून घेते. उन्हाळ्यातल्या कडक जमिनीवर तोच धक्का घोड्याच्या पुढच्या पायांना बसतो.

चेल्टनहॅममध्ये शर्यती आल्या त्या सपाट, क्लीव्ह हिलच्या माथ्यावर. गावचे धर्मोपदेशक फ्रान्सिस क्लोज यांनी 1827 मध्ये जुगार आणि दारूविरुद्ध जोरदार प्रवचने दिली. 1830 मध्ये प्रेक्षागृह जळाले आणि पुढच्या वर्षी शर्यती डोंगर उतरून प्रेस्टबरी पार्कात आल्या. नॅशनल हंट चेस ही तेव्हा हौशी स्वारांची असलेली चार मैलांची शर्यत 1860 मध्ये मार्केट हारबरोला झाली आणि नंतर वर्षानुवर्षे गावोगाव हिंडत राहिली. 1911 मध्ये ती चेल्टनहॅमला कायमची स्थिरावली. आजचा मेळा तिच्याभोवती वाढला.

गोल्ड कप अडथळ्यांची शर्यत म्हणून सुरू झाली 1924 मध्ये, चॅम्पियन हर्डल 1927 मध्ये. गंमत म्हणजे तेव्हा गोल्ड कप ही लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) रेसकोर्सवरच्या ग्रँड नॅशनल या शर्यतीची रंगीत तालीम समजली जाई. गोल्डन मिलरने 1932 ते 1936 अशी सलग पाच वर्षे गोल्ड कप जिंकली आणि 1934 मध्ये त्याच मोसमात ग्रँड नॅशनलही. एकाच घोड्याने एकाच वर्षी या दोन्ही जिंकण्याचे ते आजवरचे एकमेव उदाहरण. आज ट्रेनर गोल्ड कपच्या घोड्याला तिथे सहसा पाठवत नाही. ती हँडिकॅप आहे, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन, आणि मध्ये अवघे तीन-चार आठवडे. तालीम मुख्य प्रयोग झाली ती अशी.

आयर्लंडचा दबदबाही एका तबेल्याने आणला. व्हिन्सेंट ओ'ब्रायन यांनी 1949 मध्ये तीन घोडे विमानाने आणले आणि तिन्ही जिंकले: कॉटेज रेक गोल्ड कप, हॅटन्स ग्रेस चॅम्पियन हर्डल, कॅसलडरमॉट नॅशनल हंट चेस. बोट आणि रेल्वेच्या लांबलचक प्रवासात घोडा किती खचतो, हे त्यांनी ओळखले होते. त्याचे कारण साधे आहे. डोके वर बांधून घोडा तासन्‌तास उभा राहिला की श्वासनलिकेतला कफ खाली उतरत नाही, फुप्फुसात संसर्ग होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप चढतो. आज बहुतेक आयरिश घोडे फेरीने येतात, पण वाटेत थांबून डोके खाली सोडायला देणे आणि पोचल्यावर दिवसातून दोनदा ताप पाहणे हे नेमाने होते. 2021 मध्ये 28 पैकी 23 शर्यती आयर्लंडच्या घोड्यांनी नेल्या.

तयारीची रीत खऱ्या अर्थाने बदलली ती 1980 च्या दशकात. यॉर्कशायरच्या मायकेल डिकिन्सन यांचे घोडे 1983 च्या गोल्ड कपमध्ये पहिल्या पाचही क्रमांकांवर आले. त्यानंतर सॉमरसेटमध्ये मार्टिन पाइप पुढे आले. ते बुकमेकरचे (पैजा घेणाऱ्याचे) चिरंजीव, घोड्यांच्या घराण्यातले नव्हते, म्हणूनच बहुधा त्यांनी 'असेच करतात' हे उत्तर स्वीकारले नाही. जुनी पद्धत अशी की घोडा आठवड्यातून दोनदा लांब गॅलप (भरधाव दौड) करायचा आणि उरलेला दम मोसमातल्या पहिल्या दोन शर्यतींत यायचा. पाइप यांनी चढावर कृत्रिम पृष्ठभागाची छोटी धावपट्टी केली. तिच्यावर घोडा थोडे धावे, चालत खाली येई, पुन्हा धावे, असे तीन-चारदा. तबेल्यातच रक्ताची तपासणी सुरू केली. त्यांचा घोडा पहिल्याच शर्यतीत पूर्ण तयार असे आणि सुरुवातीपासून आघाडी घेई. 1988-89 मध्ये त्यांनी एका मोसमात 208 शर्यती जिंकल्या. ट्रेनरचे विजेतेपद पंधरा वेळा मिळवले. आज असा चढ नसलेला मोठा तबेला शोधावा लागेल.

तरीही एक जुनी गोष्ट टिकली. जुलैमध्ये कुरणातून आणलेला घोडा आधी कित्येक आठवडे नुसता चालतो, मग दुडकी. दम काही आठवड्यांत येतो, पण हाडे आणि टेंडन (स्नायू हाडाला बांधणारे दोर) यांना बळकट व्हायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. दमाच्या मागे लागून घाई केली तर फेब्रुवारीत पाय जातो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कँटर (संथ दौड) आणि उड्यांचे धडे: आधी जमिनीवर ठेवलेले खांब, मग ओंडके, हर्डल, शेवटी फेन्स. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिली शर्यत, नाताळात इंग्लंडमधल्या केम्प्टन किंवा आयर्लंडमधल्या लेपर्ड्सटाउन रेसकोर्सवर, जानेवारीअखेर चेल्टनहॅमचाच ट्रायल्स डे (चाचणी शर्यतींचा दिवस) किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला डब्लिनच्या शर्यती. त्यापुढे पाच-सहा आठवडे शर्यत नाही. या काळात एखाद्या रेसकोर्सवर दोन-तीन घोड्यांसोबत एक सराव गॅलप होतो, तोही बहुधा फेब्रुवारीअखेर. उशिरा केला तर घोडा शर्यत तबेल्यातच धावून टाकतो.

जोखीम आहे ती या रिकाम्या आठवड्यांत. रोज पहाटे बॅन्डेज सोडल्यावर आणि घोडा बाहेर काढण्यापूर्वी सईस गुडघ्याखालच्या मागच्या टेंडनवरून अंगठा आणि बोटे खाली सरकवतो, आधी एका पायावर, मग दुसऱ्या. शोधायची असते ती ऊब, दोन पायांतला फरक. घोडा लंगडत नसतो, खातो-पितो नीट. पण तेवढ्या उबेवर गॅलप केला तर तंतू फाटतात आणि बहुतेकदा वर्ष जाते. दुसरी चूक चंदीची. सुट्टीच्या दिवशी काम नाही, तरी ओट्स नेहमीइतकेच दिले, की दुसऱ्या सकाळी पाठीचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात, घोडा घामाने निथळतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. म्हणून सुट्टीच्या आदल्या संध्याकाळपासूनच दाणा घटवतात आणि वाळलेले गवत वाढवतात. तेही भिजवून किंवा वाफवून, कारण कोरड्या गवतातली धूळ आणि बुरशी थेट श्वासनलिकेत जाते.

साथीचे संकट वेगळेच. 2001 चा संपूर्ण मेळा गुरांच्या लाळ-खुरकत रोगामुळे रद्द झाला. घोड्याला तो होत नाही, पण घोडे आणि माणसे तो वाहून नेऊ शकतात. फेब्रुवारी 2019 मध्ये लस घेतलेल्या घोड्यांतही फ्लू आढळला आणि ब्रिटनमधल्या शर्यती सहा दिवस बंद राहिल्या, मेळ्याला अवघा महिना उरलेला असताना. त्यानंतर लसीची मुदत वर्षावरून सहा महिन्यांवर आणली. म्हणून डोसाची तारीखही आता मार्चवरून मागे मोजतात. इंजेक्शननंतर घोडा काही दिवस मंदावतो आणि ते दिवस शेवटच्या गॅलपवर पडून चालत नाहीत.

2018 च्या मेळ्यात घोडे दगावल्यावर नियामकांनी चौकशी केली आणि धावणाऱ्या प्रत्येक घोड्याची पशुवैद्याकडून आधी तपासणी होऊ लागली. कडक फरशीवर चालवणे, दुडकी, पायांवर हात. तबेल्यात चालून गेलेला किरकोळ अडखळ इथे पकडला जातो. ट्रेनर कुरकुरतात, पण ही तपासणी हवीच होती.

कोर्सही सरळ नाही. उतारावरच्या शेवटून तिसऱ्या फेन्सकडे घोडे वेगात येतात. उतारामुळे वजन आधीच पुढच्या पायांवर असते. उडी लांबून घेतली तर उतरताना नाक जमिनीला टेकते. सपाट जागेवर शिकवलेल्या घोड्याला हे माहीत नसते, म्हणून काही तबेले मुद्दाम उतारावर हर्डल लावून सराव घेतात.

शर्यत झाली की त्या रात्री पायांवर थंड पाण्याची धार सोडतात आणि घोडा तबेल्यातल्या त्याच्या खोलीत मोकळा ठेवतात. टेंडनची सूज पुष्कळदा दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशीच दिसते. तोवर सलग दोन सकाळी त्याला अंगणात दुडकी चालवून पाहतात, आणि एन्ट्री रेसकोर्सच्या शर्यतींचे नाव मग काढतात.