कॅटेक्युमेन कोण आणि उमेदवार कोण?

प्रौढपणी कॅथलिक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी धर्मशिक्षणाचा वर्ग बहुतेक धर्मग्रामांत एकच असतो. लग्न ठरल्यामुळे श्रद्धेची चौकशी करू लागलेली हिंदू मुलगी आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीत लहानाचे मोठे झालेले अहिल्यानगरकडचे गृहस्थ तेथे शेजारी शेजारी बसतात, आणि शिकवणारा दोघांनाही ‘नवीन मंडळी’ म्हणून मोकळा होतो. ख्रिस्तसभेच्या लेखी मात्र पहिली कॅटेक्युमेन, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणारी, आहे आणि दुसरे, बाप्तिस्मा आधीच झालेला असल्याने, पूर्ण सहभागित्वाचे उमेदवार आहेत. कोणाला किती येते यावर हा भेद ठरत नाही, बाप्तिस्मा झाला आहे की नाही यावर ठरतो. कॉन्व्हेंट शाळेत शिकून शुभवर्तमानातले दाखले तोंडपाठ झालेली मुलगी बाप्तिस्मा होईपर्यंत कॅटेक्युमेनच राहते आणि वर्षानुवर्षे चर्चची पायरी न चढलेला बाप्तिस्मित माणूस उमेदवारच ठरतो.

कॅटेक्युमेन ही अवस्था फार जुनी आहे. संत ऑगस्टीन यांना बालपणीच क्रुसाची खूण आणि मीठ देऊन या गटात घेतले होते, तरी त्यांचा बाप्तिस्मा मिलानमध्ये संत आंब्रोज यांच्या हातून 387 सालच्या ईस्टरच्या जागरणरात्री झाला. खुद्द आंब्रोज 374 मध्ये बिशप म्हणून निवडले गेले तेव्हा कॅटेक्युमेनच होते, हे वर्गात सांगितले की हमखास हशा पिकतो. पुढे बालबाप्तिस्मा सर्वत्र रूढ झाल्यावर ही वाट जवळजवळ बुजली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात ती पुन्हा सुरू करण्याचा आदेश दिला आणि 1972 मध्ये प्रौढांच्या दीक्षेचा विधिग्रंथ निघाला. त्या ग्रंथात आधीच बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती व्यक्तीला सामावून घेण्याचा विधी स्वतंत्र दिला आहे, आणि घाईत असलेला शिक्षक नेमके तेच पान उलटून पुढे जातो.

कॅटेक्युमेनची वाट टप्प्याटप्प्याने जाते. स्वीकारविधीत तिच्या कपाळावर क्रुसाची खूण केली जाते, आणि तेव्हापासून ती ख्रिस्तसभेच्या घरातलीच मानली जाते. इतकी, की बाप्तिस्म्यापूर्वी मृत्यू आला तरी तिचा अंत्यविधी ख्रिस्ती रीतीने होऊ शकतो. प्रायश्चित्तकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या रविवारी निवडविधी होतो, आणि तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या रविवारी अनुक्रमे शोमरोनी स्त्री, जन्मांध मनुष्य आणि लाजर यांची शुभवर्तमाने वाचून तिच्यासाठी विशेष प्रार्थना केल्या जातात. मग ईस्टरच्या जागरणरात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि ख्रिस्तशरीर (कम्युनियन) हे तिन्ही संस्कार एकापाठोपाठ मिळतात.

उमेदवाराला यातले बरेच काही लागू होत नाही. त्यांचा बाप्तिस्मा झालेला आहे, आणि तो पुन्हा देता येत नाही. विधीत ते मंडळीसोबत निकेयाचा विश्वासांगीकार म्हणतात, कॅथलिक ख्रिस्तसभा जे प्रकटित सत्य म्हणून शिकवते ते सर्व आपण मानतो असे एका वाक्यात जाहीर करतात, मग त्यांचे दृढीकरण होते आणि ते ख्रिस्तशरीर स्वीकारतात. त्यासाठी ईस्टरची वाट पाहावी लागत नाही. वर्षातला कोणताही रविवार चालतो. एखादा माणूस ‘तिकडून इकडे’ आला असा विजयोत्सव या प्रसंगी दिसू नये, अशी ताकीदही विधिग्रंथ देतो. आर्थोडॉक्स व्यक्तीच्या बाबतीत तर दृढीकरणही आधीच झालेले असल्याने केवळ श्रद्धेची कबुली पुरते.

हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो पापनिवेदनात. कॅटेक्युमेन बाप्तिस्म्यापूर्वी पापनिवेदन करत नाही, कारण बाप्तिस्म्यानेच तिची आजवरची सर्व पापे धुतली जातात. उमेदवार मात्र विधीच्या आधी फादरांकडे जाऊन प्रायश्चित्त संस्कार घेतात. मी शिकवायला लागलो त्या वर्षी दोघांनाही एकाच यादीत घालून पापनिवेदनाची वेळ दिली होती. फादरांनी यादी परत दिली आणि मुलीच्या नावापुढे पेन्सिलीने एवढेच लिहिले होते: ‘हिला अजून पाणी लागायचे आहे.’

शिकवण्यावरही याचा परिणाम व्हायला हवा, आणि माझ्या मते आपण कमी पडतो ते इथेच. त्या मुलीला देव एक असून त्रैक्य म्हणजे काय, क्रूस कशासाठी, प्रार्थना म्हणजे नवस का नव्हे, येथून सुरुवात करावी लागते. त्या गृहस्थांना प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकार आजीच्या मांडीवर बसून पाठ झालेले असतात. त्यांचे प्रश्न पोप, सात संस्कार, मिस्सातली ख्रिस्ताची खरी उपस्थिती, मारिया आणि संतांकडे केलेली विनवणी यांविषयीचे असतात. त्यांना वर्षभर बाराखडी गिरवायला लावणे हा अपमान आहे. आवश्यक त्यापेक्षा अधिक ओझे लादू नये, हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातले सूत्र येथे लागू पडते.

विवाहाच्या बाबतीतही हीच रेघ आड येते. कॅथलिकाने बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी, म्हणजे कॅटेक्युमेनशीही, विवाह करायचा तर अडथळ्यातून सूट लागते आणि ती न घेतल्यास विवाह अवैध ठरतो. बाप्तिस्मित प्रोटेस्टंटाशी विवाह करताना परवानगी लागते, पण ती घेतली नाही म्हणून विवाह अवैध होत नाही.

रेघेवरची माणसे मात्र विचारात पाडतात. महाराष्ट्रात मुक्तिफौजेची (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाची) जुनी मंडळी आहेत. ती पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहेत, पण त्या पंथात बाप्तिस्माच देत नाहीत, म्हणून त्यांच्यातला कोणी आला तर आयुष्यभर ख्रिस्ताचे नाव घेऊनही तो कॅटेक्युमेनच ठरतो, आणि हे त्याला सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. मॉर्मन पंथाचा बाप्तिस्मा रोमने 2001 मध्ये अवैध ठरवला, त्यामुळे तिथून आलेल्यालाही हाच मार्ग आहे. पूर्वी मात्र सावधगिरी म्हणून प्रोटेस्टंटांनाही सर्रास सशर्त बाप्तिस्मा, म्हणजे ‘आधीचा वैध नसेल तर’ अशा अटीवरचा बाप्तिस्मा, दिला जाई. बंगाली विचारवंत ब्रह्मबांधव उपाध्याय 1891 मध्ये अँग्लिकन बाप्तिस्म्यानंतर काही महिन्यांतच कराचीत कॅथलिक झाले तेव्हा त्यांनाही तो देण्यात आला होता. आज खरीखुरी शंका असेल तरच तो देतात. म्हणून उमेदवाराकडे पहिल्याच भेटीत बाप्तिस्म्याचा दाखला मागावा, आणि तो हरवला असेल तर बाप्तिस्म्याला हजर असलेल्या एका विश्वासू साक्षीदाराचे लेखी निवेदन घ्यावे; बहुतेक वेळा एखादी आत्या किंवा मावशी ते आनंदाने लिहून देते.