सामुदायिक पोषण शिक्षण (मुंबई)

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना हाताशी असलेल्या पैशांत आणि जिन्नसांत पुरेसा, चौरस आहार कसा साधावा, हे वस्तीत जाऊन शिकवण्याची पद्धत. गरोदर व स्तनदा माता, सहा वर्षांखालील बालके आणि किशोरवयीन मुलेमुली यांच्यावर तिचा मुख्य भर असतो. मुंबईत हे काम प्रामुख्याने अंगणवाडी सेविका, महापालिकेच्या आरोग्यसेविका आणि स्वयंसेवी संस्था करतात.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. धारावी हा त्यांतील एक. योजनेच्या सहा सेवांत पोषण व आरोग्य शिक्षण पहिल्यापासून आहे, पण घरपोच आहाराची पाकिटे वाटणे आणि नोंदी भरणे यांतच सेविकेचा बराच वेळ जातो. शीव रुग्णालयातील नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेली ‘स्नेहा’ ही संस्था धारावी व इतर वस्त्यांत याच विषयावर काम करते.

शिकवण्याचा गाभा आहे बाळाचा वरचा आहार. सहा महिन्यांनंतर आईचे दूध एकट्याने पुरत नाही, हे बहुतेक घरांत ठाऊक असते. चूक होते ती पातळपणात. पचायला हलके म्हणून बाळाला वरणाचे वरचे पाणी पाजले जाते आणि डाळ पातेल्याच्या तळाशीच राहते. बाळाच्या पोटात एका वेळी मावते फार थोडे, तेव्हा ते पाण्याने भरले तर अन्नाला जागा उरत नाही. म्हणून ताई प्रात्यक्षिकात चमचा तिरका करून दाखवतात : खिमट चमच्याला धरून राहिले तर ठीक, ओघळून गेले तर पातळ. त्यात चमचाभर तेल किंवा शेंगदाण्याचे कूट घातले की तेवढ्याच वाटीत उष्मांक वाढतात. एवढे एक प्रात्यक्षिक भिंतीवरच्या दहा तक्त्यांना भारी पडते.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांच्या दंडाचा घेर तीनरंगी पट्टीने मोजतात. ११.५ सेंमी.पेक्षा कमी, म्हणजे लाल, भरल्यास तीव्र कुपोषण (बोलीत ‘सॅम’), ११.५ ते १२.५ सेंमी.च्या आत पिवळा, म्हणजे मध्यम (‘मॅम’). वजनाच्या आलेखापेक्षा हा रंग आईला चटकन कळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश होती.

कुपोषणाचे खापर आईच्या अज्ञानावर फोडणे सोपे असते, पण मुंबईत ते फारसे टिकत नाही. गोवंडी, मानखुर्द किंवा मालवणीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, फ्रीज नसतो आणि आई घरी बसून नगावर काम करते. रेशनवर तांदूळ-गहू मिळतात. भाजी, अंडी, दूध मात्र रोखीने घ्यावे लागते. मूल रडले की पाच रुपयांची कुरकुरीत पुडी हातात देणे हा अशा वेळी सर्वांत स्वस्त तोडगा ठरतो. त्यामुळे ‘फळे द्या, दूध द्या’ हा सल्ला ऐकून घेतला जातो आणि तिथेच राहतो. मोड आलेली मटकी, नाचणीचे सत्त्व, सुकट, जवळा, शेवग्याचा पाला असे एका भांड्यात शिजणारे किंवा न नासणारे पर्याय सुचवले, तर काही निभते. त्यातही सुकटीची चटणी कोकणी घरात चालते, उत्तर प्रदेशातून आलेल्या शेजारणीकडे सत्तूवर बोलणे बरे.

किशोरवयीनांसाठी आठवड्याला एक निळी लोहगोळी (६० मिग्रॅ. लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल) देण्याची योजना आहे. गोळी चहाबरोबर घेऊ नये, जेवणात लिंबू पिळावे, हे किशोरी बैठकीत सांगितले जाते. मुलगे या बैठकांना क्वचितच दिसतात. खरे तर आई कामावर गेल्यावर धाकट्याला भरवणारी बहुधा मोठी बहीणच असते; तिला केवळ ‘लाभार्थी’ म्हणून नोंदवणे हा या कार्यक्रमांचा मोठा आंधळेपणा आहे.

मे महिन्यात अनेक कुटुंबे गावी जातात, भाड्याची खोली बदलली की अंगणवाडीही बदलते. वजनाच्या नोंदीत खंड पडतो आणि नव्या ठिकाणी ताईंना पुन्हा पट्टी लावण्यापासून सुरुवात करावी लागते.