ट्रोजन काढला म्हणजे बॅकडोअर गेला का?

अँटिव्हायरसने ‘ट्रोजन सापडला, काढून टाकला’ असा संदेश दाखवला की बहुतेक जण निश्चिंत होतात. मला तिथेच काळजी वाटते. ट्रोजन आणि बॅकडोअर ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, पण पहिलं नाव आत शिरण्याच्या पद्धतीचं आहे आणि दुसरं आत आल्यावर उघडी ठेवलेल्या वाटेचं. ट्रोजन उपयोगी फाइलचं सोंग घेतो आणि तुमच्याच हातून चालू होतो. बॅकडोअरमुळे हल्लेखोराला तुमचा पासवर्ड न विचारता हवं तेव्हा परत येता येतं.

इमोटेटचं उदाहरण घ्या. 2014 मध्ये बँकेचे तपशील चोरणारा ट्रोजन म्हणून तो पुढे आला. ईमेलला बिलाच्या नावाने वर्डची फाइल जोडलेली असायची. उघडणाऱ्याने मॅक्रो (फाइलमध्येच दडवलेला छोटा प्रोग्राम) चालू करायला परवानगी दिली की विंडोजमधलं आज्ञा चालवणारं साधन, पॉवरशेल, मागच्या मागे खरा मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, उतरवून घ्यायचं. पुढे इमोटेटचं मुख्य काम बदललं: शिरकाव झालेल्या मशीनवर तो ट्रिकबॉटसारखे दुसरे मालवेअर आणून बसवू लागला. जानेवारी 2021 मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले आणि 25 एप्रिलला बाधित मशीनवरून तो आपोआप काढला गेला. पण त्याने आधीच आणून ठेवलेल्या मालवेअरला या कारवाईने हात लावला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इमोटेट परतला, तोही ट्रिकबॉट असलेल्या मशीनवरूनच.

हे मालवेअर टिकतात कसे? विंडोज सुरू होताना जे जे आपोआप चालतं, त्या यादीत ते स्वतःचं नाव घालतात: रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) ‘रन’ नोंद, ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमधलं एखादं काम, किंवा ओळखीच्या वाटणाऱ्या नावाची, पडद्यामागे चालणारी सर्व्हिस. मूळ वर्डची फाइल डिलीट केली तरी या नोंदी जागेवरच असतात. शिवाय बॅकडोअर बहुधा बाहेरून येणाऱ्या जोडणीची वाट पाहत नाही. तोच आतून हल्लेखोराच्या सर्व्हरला हाक देतो, तीही नेहमीच्या वेब ट्रॅफिकसारखी. त्यामुळे बाहेरून येणारं अडवणाऱ्या साध्या फायरवॉलला त्यात वावगं दिसत नाही.

बॅकडोअर यायला ट्रोजन लागतोच असंही नाही. 2017 मध्ये डबलपल्सार नावाचा बॅकडोअर विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीतून, कोणी काही क्लिक न करता आत बसत होता. तो फक्त मेमरीत राहायचा, म्हणून रीस्टार्ट केल्यावर नाहीसा व्हायचा. मात्र मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दिलेला पॅच (त्रुटी बुजवणारा अपडेट) टाकलेला नसेल, तर त्याच त्रुटीतून तो पुन्हा बसवता यायचा.

म्हणून ट्रोजन सापडला तर आधी इंटरनेट तोडा. मायक्रोसॉफ्टचं ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन आपोआप सुरू होणाऱ्या बहुतेक सगळ्या गोष्टी एका जागी दाखवतं, त्यातल्या अनोळखी नोंदी तपासा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून. त्या कॉम्प्युटरवरून बँकेचे किंवा ऑफिसचे व्यवहार होत असतील, तर तपासणीवर विसंबू नका: कामाच्या फाइल्स बाजूला काढा, डिस्क पुसा आणि विंडोज नव्याने टाका.