किडेपोची सफारी: आधी पिवळं कार्ड, मग व्हिसा, तिकीट सगळ्यात शेवटी

किडेपो व्हॅली राष्ट्रीय उद्यान युगांडाच्या ईशान्य टोकाला आहे. दक्षिण सुदानच्या सीमेला लागून, 1,442 चौरस किलोमीटरचं. युगांडाच्या राष्ट्रीय उद्यानांत चित्ता बघायचा तर इथेच. कंपालाहून रस्त्याने अख्खा दिवस मोडतो, नाहीतर एंटेबेहून छोटं विमान अपोकाच्या धावपट्टीवर उतरतं. बरेच जण मात्र तिथवर पोचायच्या आधी कागदांतच अडकतात.

व्हिसा फक्त ऑनलाइन मिळतो. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा, फोटो हवा, पर्यटक व्हिसाची फी 50 डॉलर. इथवर काही अवघड नाही. अर्ज अडतो तो पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीच्या प्रमाणपत्रापाशी, म्हणजे पिवळ्या कार्डापाशी. ते अर्जासोबतच अपलोड करायचं असतं. त्यामुळे "व्हिसा येऊ दे, लस मग घेऊ" हे चालत नाही.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत बंदर आणि विमानतळ आरोग्य संघटनेची केंद्रं आहेत. एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून ठरावीक वार, ठरावीक माणसं. कारण पटतं. पण लांबून आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवतात तेव्हा चीड येते. हे वार ठळकपणे जाहीर करायला काय हरकत आहे? तेव्हा आधी फोन करा, आणि मूळ पासपोर्ट घेऊनच जा.

आता तारीख. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं. 1 तारखेला टोचली तर 11 तारखेपासून. 8 तारखेचं विमान असेल तर चेक-इनलाच अडवू शकतात. उलट, जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली दिसली म्हणून पुन्हा टोचून घेऊ नका. 11 जुलै 2016 पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, जुनी कार्डंही त्यात आली.

कार्ड हातात पडलं की खिडकीवरून हलायच्या आधी वाचा. पासपोर्टवर "सुनीता रमेश" आणि कार्डावर नुसतं "सुनीता", असं नेहमी होतं. पासपोर्ट क्रमांक, बॅच क्रमांक, केंद्राचा शिक्का आणि तुमची स्वतःची सही, सगळं तपासा. स्कॅनमध्ये शिक्का कापला जाऊ देऊ नका.

अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, गरोदरपण किंवा साठीपुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. लस घेता येत नसेल तर तसं सूट प्रमाणपत्र लागतं. आईवडिलांना नेणाऱ्यांनी हे अजिबात शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये.

केनियाही जोडणार असाल तर 100 डॉलरचा पूर्व आफ्रिका व्हिसा बघा. त्यात युगांडा, केनिया, रवांडा येतात, टांझानिया नाही. अर्ज ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडेच करायचा.

कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नका. परतताना भारतातही ते मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.