पोत्यांवरून नव्हे, हवेवरून

यवतमाळकडे पऱ्हाटीला युरियाचा दुसरा हप्ता पडला की पारावर एक समज हमखास ऐकू येतो: खतामुळे मातीतून सुटणाऱ्या नायट्रस ऑक्साइड या हरितगृह वायूच्या उत्सर्जनाचे जागतिक आकडे म्हणजे विकलेल्या पोत्यांवरून बांधलेला अंदाज, कारण प्रत्येक धुऱ्यावर जाऊन वायू मोजणार कोण? पोत्यांचा हिशेब होतो हे खरे; परंतु त्याची पडताळणी हवेवरून होते. हा वायू वातावरणात सुमारे १२० वर्षे टिकतो आणि जगभर जवळजवळ सारखा मिसळतो, त्यामुळे टास्मानियातील केप ग्रिम येथे घेतलेल्या हवेच्या नमुन्यातही आपल्या काळ्या रानाचा वाटा असतो. औद्योगिक काळापूर्वी हवेच्या दर अब्ज रेणूंमागे त्याचे सुमारे २७० रेणू होते. २०२३ मध्ये ते ३३६च्या वर गेले. विहिरीत मोटरने उपसलेले पाणी आणि तरीही चढलेली पातळी यांची बेरीज केली की झरा किती, ते कळते; तशीच येथे दरवर्षीची वाढ आणि स्थितांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात, सूर्यप्रकाशाने होणारा नाश यांची बेरीज केली जाते. उत्तर येते वर्षाला साधारण १.७ कोटी टन (वायूतील नायट्रोजनच्या वजनात), त्यात माती व समुद्राचे नैसर्गिक उत्सर्जनही आले. कोणत्या शेतातून किती, हे मात्र या बेरजेतून निघत नाही. आणि ओल्या युरियाचा नाकाला झोंबणारा वास, ज्याला अनेक जण हाच वायू समजतात, तो अमोनियाचा असतो.